तपासणी मालकाच्या हाती नको

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील ट्रान्सफॉर्मर १३ जून १९९७ रोजी सकाळीच पेटला होता. वीज मंडळाने घाईघाईने डागडुजी केली, खेळ चालूच राहिले. दुपारच्या खेळात ५९ जणांचे प्राण गेले. याला 'दुर्दैव' म्हणणे ही मालकवर्गाची भाषा होय.

तारांच्या वेष्टनाची परीक्षा करावयाची तर वीजप्रवाह बंद करावा लागतो. गजबजलेल्या दुकानाचा मालक तासाभराच्या गल्ल्यावर पाणी सोडण्यास राजी नसतो. मग तपासणी कागदावरच उरकते. १९५६ च्या वीज नियमांनी निरीक्षकाकडून वा पुरवठादाराकडून पाच वर्षांतून एकदा तरी तपासणी बंधनकारक केली होती. २०२३ च्या नियमांनी मात्र अधिसूचित दाबापर्यंतच्या जोडण्यांसाठी स्वयं-प्रमाणपत्राची मुभा दिली आहे. 'इन्स्पेक्टर राज'चा बागुलबुवा उभा करून आरोपीलाच न्यायाधीश नेमण्याचा हा प्रकार आहे!

निरीक्षक भ्रष्ट असतील, तर उपाय तपासणी सोडून देणे हा नव्हे. तिच्यावर कामगारांची देखरेख बसविणे हा आहे. निरीक्षकांची पुरेशी भरती, तपासणीवेळी युनियनचा प्रतिनिधी, बंद तासांचे पूर्ण वेतन आणि दर्शनी भागात अहवाल, या मागण्यांसाठी दुकान व हॉटेल कामगारांना संघटित करणे हे पक्षसभासदांचे तातडीचे कर्तव्य आहे.