घरात कोणी माणूस नाही का?

आमच्या भिवंडीतल्या घरी एक जुना कॉम्प्युटर आहे. मुलाच्या अभ्यासासाठी बारा-तेरा वर्षांपूर्वी घेतलेला. मुलगा नोकरीला लागला, त्याने लॅपटॉप घेतला आणि हा माझ्या वाट्याला आला. आमच्या बचत गटाचे सगळे हिशेब मी त्यावरच ठेवते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी बटण दाबलं, आतला पंखा फिरला, बीप बीप असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. दोन दिवसांवर गटाची बैठक!

दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. पहिलाच प्रश्न आला, "घरात कोणी माणूस नाही का? त्यांना द्या फोन." मी म्हटलं, "कॉम्प्युटर मी वापरते, काय झालं ते मीच सांगते." तरी उत्तर तेच, "मिस्टर आले की करा." संध्याकाळी मिस्टर बोलले. ते कधी त्या खुर्चीत बसलेले नाहीत, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारत होते. शेवटी यंत्र न बघताच निकाल लागला: मदरबोर्ड गेला, चार-पाच हजार पडतील, त्यापेक्षा नवाच घ्या.

आमच्या शेजारची मुलगी आयटीआयमध्ये शिकते. तिला बोलावलं. मला वाटलं, ती दुरुस्त करील आणि मी चहा करीन. पण ती म्हणाली, "काकू, तुम्हीच उघडा, मी सांगते."

प्लग काढला. बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेचकसाने बाजूचा पत्रा काढला तर आत सगळीकडे तंतूंचा थर! मागाचे कारखाने आजूबाजूला, त्यांची धूळ आपल्या फुप्फुसांत जाते तशी यंत्रातही जाते. मऊ ब्रशने ती झाडली. मग पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि दोन्ही खिट्ट्या टक्‌ करून बसेपर्यंत ती परत दाबली. ते बीप म्हणजे यंत्राची तक्रारच होती. कंपनीगणिक त्यांचे अर्थ बदलतात, पण ते मदरबोर्डाच्या पुस्तकात छापलेले असतात.

पडदा उजळला. पण तारीख कितीतरी वर्षं मागची, आणि सुरुवातीची मांडणी विसरलेली. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. प्लग काढलेला असतानाही घड्याळ चालू राहतं ते त्याच्यामुळे. तो संपला होता. नवा घातला, तारीख लावली, हार्ड डिस्क निवडून दिली. हिशेब जागच्या जागी होते. सगळा खर्च एका सेलचा.

एक डबा मात्र तिने मला उघडू दिला नाही. बाहेरची वीज घेणारा तो एसएमपीएस. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते. कुठे हात घालायचा नाही, हेही ज्ञानच आहे. पण "तुला काय कळतं, हात लावू नकोस" हे ज्ञान नव्हे, तो धाक आहे.

हा धाक आपल्या गावाला नवा नाही. मागाच्या कारखान्यात कांड्या भरायला बाई चालते, पण माग अडला की जॉबर येतो, आणि तो पुरुषच असतो. यंत्र चालवायचं बाईने आणि उघडायचं पुरुषाने, ही वाटणी कुणी केली? क्षमतेचा प्रश्न म्हणावा, तर शिलाई मशीनची सुई, तेल, दोऱ्याचा ताण हे सगळं आपण वर्षानुवर्षं स्वतःच बघतो.

कॉम्प्युटरचा इतिहास तर उलटच सांगतो. एनिअ‍ॅक हा अगदी सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आला. त्यावर गणितं मांडणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या: केय मॅकनल्टी, बेट्टी जेनिंग्ज, बेट्टी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकायला पुस्तक नव्हतं. आकृत्या वाचून त्या यंत्र शिकल्या, आणि सुमारे १८ हजार नळ्यांपैकी नेमकी कोणती बिघडली हे शोधण्याइतक्या तयार झाल्या. तरी प्रात्यक्षिकाच्या गौरवात त्यांची नावं नव्हती. कित्येक वर्षं छायाचित्रांतल्या या बायका कोण, हेही लोकांना ठाऊक नव्हतं.

कुणी म्हणेल, बाईच्या डोक्यावर आधीच कामं थोडी आहेत का, त्यात आता दुरुस्तीही? प्रश्न रास्त आहे. पण यंत्र बंद पडलं की काम कुणाचं अडतं? हिशेब माझा अडला होता. आणि दुरुस्ती हे असं काम आहे की त्याला पैसा मिळतो, मान मिळतो. बिघाड ज्याला कळतो, तोच किंमत ठरवतो. प्रत्येकीने मेकॅनिक व्हावं असं नाही. पण पत्रा उघडून बघायचा आणि "कशावरून मदरबोर्ड गेला?" असं विचारायचा अधिकार प्रत्येकीला हवा.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्याचा हेतू. चांगलंच आहे. पण फोनवर ग्राहक म्हणून 'मिस्टर'च हवे असतील, तर तो हक्क आपल्या उंबऱ्याशीच अडेल.

आपल्यातल्या कितीतरी जणी कॉम्प्युटर चालवायला शिकल्या. आता गटाच्या एखाद्या बैठकीत एक बंद पडलेला कॉम्प्युटर मधोमध ठेवू या. सोबत पेचकस, ब्रश, खोडरबर आणि एक सेल. आयटीआयतल्या मुलीला शिकवायला बोलावू या, आणि तिला तिचं मानधनही देऊ या. पुन्हा कुणी विचारलं, "घरात कोणी माणूस नाही का?" तर सरळ सांगू या, "आहे. बोलतेच आहे."