देशोदेशीची नगरे : व्हिएन्ना – राजवाडा आणि कामगाराचे घर



ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हे युरोपातील जुन्या, देखण्या शहरांपैकी एक. डॅन्यूब नदीकाठच्या या शहरावर हाब्सबर्ग घराण्याने १९१८ पर्यंत, म्हणजे सहाशेहून अधिक वर्षे, राज्य केले. प्रवासी तेथे जातो तो राजवाडे पाहायला, संगीत ऐकायला आणि केक खायला. त्यात वावगे काहीच नाही. परंतु शहर नुसते राजाचे नसते. ज्यांच्या हातांनी ते उभे राहिले ती माणसे कोठे राहिली, काय खाऊन जगली, हेही पाहिले पाहिजे. व्हिएन्नात ते पाहता येते, म्हणून आजचा हा लेख.

आधी राजवाडा पाहू. शॉनब्रुन हा बादशहांचा उन्हाळी महाल. खोल्या १४४१! मोझार्ट हा पुढे जगप्रसिद्ध झालेला संगीतकार सहा वर्षांचा असताना, १७६२ साली, येथेच महाराणी मारिया थेरेसापुढे वाजवून गेला. महालाच्या आवारात १७५२ साली सुरू झालेले प्राणिसंग्रहालय आजही चालू आहे. मुलाबाळांसह जाणाऱ्याने ते चुकवू नये. बागेत फिरायला पैसे पडत नाहीत. शहराच्या मध्यभागी सेंट स्टीफनचे चर्च आहे. त्याचा मोठा मनोरा १३६ मीटर उंच असून ३४३ पायऱ्या चढून वर जाता येते.

जुन्या शहराभोवती तट होता. तो पाडण्याचा हुकूम बादशहा फ्रान्झ जोसेफ याने १८५७ साली काढला आणि त्या जागी ‘रिंग’ नावाचा रुंद गोलाकार रस्ता झाला. ऑपेरागृह, संसद, विद्यापीठ, संग्रहालये अशा भव्य इमारती या रस्त्यावर ओळीने उभ्या आहेत. प्रवासी त्यांचे फोटो काढतात. पण एवढ्या इमारतींना विटा किती लागल्या असतील? आणि त्या भाजल्या कोणी?

शहराच्या दक्षिणेला वीनरबर्ग या टेकडीवर प्रचंड वीटभट्ट्या होत्या. तेथे राबणारे बहुतेक मजूर बोहेमिया आणि मोराविया या, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या, मुलखांतून पोटासाठी आलेले. व्हिक्टर अॅडलर नावाचे डॉक्टर १८८८ साली गुपचूप या भट्ट्यांत शिरले आणि जे पाहिले ते त्यांनी आपल्या पत्रात छापले. मजुरांना मजुरी पैशांत न देता पत्र्याच्या बिल्ल्यांत दिली जाई. हे बिल्ले भट्टीवरच्या खानावळीतच चालत, आणि तेथे माल महाग. म्हणजे मालकाने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. एकेका खोलीत अनेक कुटुंबे कोंबलेली असत. १ मे १८९० रोजी व्हिएन्नाच्या कामगारांनी पहिला मे दिन पाळला. त्या दिवशी हजारो कामगार प्राटर बागेत एकत्र जमले. या बागेतला १८९७ सालचा मोठा फिरता पाळणा आज सगळे पाहतात, पण हा मेळावा फार थोड्यांना ठाऊक असतो.

आता खाण्याविषयी. व्हिएन्नाचे म्हणून जे पदार्थ गाजले, त्यांतले पुष्कळसे बाहेरून आलेल्यांनी आणलेले आहेत. तिखट रश्शाचे मांस म्हणजे गुलाश, ते हंगेरीचे. पावाचे किंवा बटाट्याचे उकडलेले गोळे बोहेमियाचे. ‘श्नित्झेल’ म्हणजे वासराच्या मांसाचा काप ठोकून पातळ करायचा, पीठ, अंडे आणि पावाचा चुरा लावून तळायचा. डुकराचे मांस वापरले तर त्याला नुसते ‘वीनर श्नित्झेल’ म्हणता येत नाही, तसा नियमच आहे. फ्रान्झ साखर या शिकाऊ आचाऱ्याने १८३२ साली केलेला चॉकलेटचा केक ‘साखरटॉर्ट’ म्हणून जगभर गेला. कॉफीगृहात एक कप कॉफी मागवली की सोबत पाण्याचा पेला येतो, लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रे वाचायला मिळतात आणि तासन्‌तास बसले तरी कोणी उठवत नाही. रात्री रस्त्यावरच्या सॉसेजच्या टपरीपाशी ऑपेरा पाहून आलेला श्रीमंत आणि पाळी संपवून आलेला कामगार शेजारी उभे राहून खातात.

आता घरांकडे वळू. जुन्या व्हिएन्नातील कामगारांच्या इमारतींत नळ आणि संडास बाहेर, बोळात, सगळ्यांना मिळून असत. काही जण तर खोली नव्हे, फक्त झोपायला खाट तासांवर भाड्याने घेत. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, महापालिका समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या हाती आली. हिशेब पाहत होते ह्यूगो ब्राइटनर, बँकेच्या नोकरीत वर चढलेले गृहस्थ. त्यांनी १९२३ पासून घरबांधणी कर लावला. लहान घराला नाममात्र कर, मोठ्या हवेलीला भरमसाट. सर्वात महागड्या अर्धा टक्का जागांकडून एकूण कराचा सुमारे ४५ टक्के भाग येई. या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे उभी राहिली. प्रत्येक घरात पाणी आणि संडास आत. कशाच्या पैशातून आणि कोणत्या साली बांधले, हे भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले आजही दिसते. १९२७ पासून प्रत्येक नवजात बाळाला महापालिका कपड्यांचा संच देऊ लागली, मग बाप कोणीही असो.

यातील सर्वात प्रसिद्ध वसाहत कार्ल मार्क्स होफ. १९३० साली तिचे उद्घाटन झाले. लांबी एक किलोमीटरहून जास्त, घरे १३८२. सोबत धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना आणि मोठी मोकळी अंगणे. फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारी सैन्याने याच वसाहतीवर तोफा डागल्या. कामगारांची चळवळ मोडली, तिच्यावर बंदी आली. पण घरे राहिली, आणि आजही त्यांत माणसे नांदत आहेत. एका जुन्या धुलाईघरात आता छोटे संग्रहालय आहे. भुयारी रेल्वेच्या यू-४ मार्गाने हायलिगेनश्टाट हे शेवटचे स्थानक गाठले की वसाहत समोरच दिसते.

आज व्हिएन्नाची वस्ती सुमारे वीस लाख. त्यांतील जवळजवळ निम्मे लोक महापालिकेच्या किंवा सार्वजनिक मदतीने बांधलेल्या घरांत राहतात. १४४१ खोल्यांचा महाल एका घराण्यासाठी होता. आज तो तिकीट काढून पाहायची वस्तू झाला आहे. कामगारांची घरे मात्र अजून घरेच आहेत.

आपल्या मुलामुलींना नकाशावर व्हिएन्ना दाखवा, राजवाड्याचे चित्रही दाखवा. आणि कोणतीही मोठी इमारत पाहिली की, ही बांधणारे रात्री कोठे झोपत होते, हा प्रश्न विचारायची सवय त्यांना लावा.