हरेगावचे चर्च आणि आपले भाऊबंद

परवा श्रीरामपूरला एका धम्मबांधवाच्या मुलीच्या मंगल परिणयास आम्ही गेलो होतो. परतताना जीपवाल्याला म्हटले, "जरा हरेगाववरून घे." डिसेंबर 1939 मध्ये तेथे महार वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिला आले होते. ती भूमी पाहावी एवढीच इच्छा.

उसाच्या फडांतून रस्ता जातो. हरेगावात शिरलो आणि समोर संत तेरेजा चर्च! सप्टेंबरात मतमाउलीची मोठी यात्रा भरते ती इथेच. यात्रेचे नाव ऐकून होतो, पण ठिकाण हेच, हे ठाऊक नव्हते.

आवारात एक म्हातारी झाडत होती. सवयीने आमच्या तोंडून "जयभीम, आजी" निघून गेले. तिनेही झाडू ठेवून "जयभीम" घातला! आम्ही चकित. ती हसून म्हणाली, "अरे बाबा, आमचे सासरे वतनाच्या परिषदेला गेले होते. येसूला आम्ही मानतो. पण ताठ मानेनं उभं राहायला बाबासाहेबांनीच शिकवलं." आडनाव विचारले, तर आमच्याच भावकीतली निघाली.

बंधू-भगिनींनो, वतनाची गुलामगिरी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 सालीच कौन्सिलात विधेयक मांडले होते. त्या लढ्यात ख्रिस्ती झालेल्यांचे आणि पुढे 1956 साली बौद्ध झालेल्यांचे वाडवडील एकाच पंगतीत होते. वाटा दोन झाल्या, रक्त एकच राहिले.

कायद्याने मात्र वेगळे केले. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीत फक्त हिंदूंना धरले. 1956 साली शिखांना घेतले. केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला 1990 पर्यंत, म्हणजे धम्मदीक्षेनंतर 34 वर्षे झगडावे लागले. ख्रिस्ती भाऊबंद मात्र बाहेरच राहिले. उद्या त्या आजीच्या नातवाला कोणी जातीवरून मारले, तर 1989 चा अॅट्रॉसिटी कायदाही त्याच्या मदतीला येत नाही. 2022 साली केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तो याच प्रश्नासाठी.

हा विषय काढला की आपल्याच वस्तीत कुजबुज होते, "वाटेकरी वाढतील." भीती खोटी नाही. पोराबाळांच्या नोकरीचा प्रश्न आहे. मग वाटा वाढवून मागू या, भावाला दारात उभे करणे हा उपाय नव्हे. "धर्म बदलला, आता सवलत कशाला?" हे 1990 पूर्वी आपल्यालाही ऐकवले जात होते. तेव्हा आपण सांगत होतो, धर्म बदलला तरी गाव जात विसरत नाही. आपल्यासाठी जे खरे होते, ते आजीच्या नातवासाठी खोटे कसे?

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर या प्रश्नावर अर्धा तास बोला. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबालाही बोलवा.

निघताना आजीने विचारले, "पुन्हा कधी येणार?" आम्ही म्हटले, "यात्रेला येऊ, घरच्यांना घेऊन."

जयभीम!