गृहयंत्र-विचार : उमेदवारींतच राहिलेला दुभाषी

जुन्या वस्तूंविषयीं आपल्या एकत्र कुटुंबांतून बहुधा दोन मतें आढळतात. वडील मंडळी म्हणतात, वस्तु काम देते तोंवर तिला जुनी म्हणूंच नये. आणि तरुण मंडळी म्हणतात, बाजारांत नवी आली कीं घरांतली निकामी झाली. या दोन मतांच्या कचाट्यांत सांपडलेला जिन्नस म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वीं मुलांच्या शिक्षणासाठीं मोठ्या हौसेनें घेतलेला कॉम्प्युटर होय. मुलें शिकून पुण्या-बंगळूरास गेलीं. यंत्र माडीवर राहिलें. आतां आजीला नातवंडांचें मुखदर्शन घडविण्यास, दादांना शेताचा सातबारा पाहण्यास, किंवा वहिनींना शिकवणीचे कागद तयार करण्यास तें पुन्हां खालीं आणावें, असा विचार निघतो. यंत्र सुरू होतें. पण पडद्यावरचीं अक्षरें फुगलेलीं, चित्र ताणलेलें, आणि चलच्चित्र लावावें तर तें अडखळत चालतें. मग कोणी तरी म्हणतो, “ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नाहीं, बीटा मिळतो, तो टाकून पाहा.” हा बीटा म्हणजे काय, तो जुन्या यंत्रांत घालावा कीं नाहीं, आणि घालावयाचा तर कोणत्या बेतानें, याचा विचार आज करावयाचा आहे.

आमच्या नगर जिल्ह्यांत (सरकारदरबारीं २०२४ पासून याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) या विचाराला एक जास्तीचें कारण आहे. क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यांतून यंत्र घेऊन नगर शहरीं जावयाचें म्हणजे शंभरावर किलोमीटरांचा प्रवास. आणि तेथें उत्तर मिळावयाचें तें बहुधा “आतां नवीनच घ्या” एवढेंच. तेव्हां घरच्या घरीं जें करतां येईल तें नीट समजून करावें, हेंच श्रेयस्कर.

ड्रायव्हर या शब्दानें मोटार हांकणारा डोळ्यांपुढें येतो. परंतु येथें दुभाषी हा अर्थ अधिक जुळतो. कॉम्प्युटरचा सर्व कारभार पाहणारी विंडोज एक भाषा बोलते, आणि पडद्यावर चित्र काढणारें कार्ड दुसरी. कार्डाच्या दर पिढीची बोलीहि निराळी. या दोघांमध्यें उभी राहणारी आज्ञावली ती ड्रायव्हर. ती नसली तर विंडोज आपला सर्वसामान्य दुभाषी, ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’, कामास लावते. तो चार मोडकीं वाक्यें बोलून चित्र दाखवितो. पण कार्डाच्या अंगचें कौशल्य त्याला वापरतां येत नाहीं. अक्षरें फुगतात त्याचें कारण बहुधा हेंच.

ड्रायव्हर लिहून झाला म्हणजे लगेच पक्का होत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें ठरविलेल्या कसोट्यांस उतरलेल्या आवृत्तीस प्रमाणपत्र मिळतें. त्यापूर्वीं लोकांच्या हातीं परीक्षेसाठीं दिलेली आवृत्ति ती बीटा. कचेरीच्या भाषेंत बोलावयाचें तर हा उमेदवार. अजून कायम झालेला नाहीं. नव्या कार्डाच्या बाबतींत यांत फारसें बिघडत नाहीं. आजच्या उमेदवाराच्या चुका उद्यां दुरुस्त होतात आणि त्याची पक्की आवृत्ति मागोमाग येते. जुन्या कार्डाच्या बाबतींत मात्र हा शब्द फसवा ठरतो. तेथें बीटा म्हणजे पुढें येणाऱ्या आवृत्तीची चाहूल नसून शेवटची, अपुरी राहिलेली शिदोरी असूं शकते.

याचें ठळक उदाहरण म्हणजे ए.एम.डी. कंपनीच्या रेडिऑन एच.डी. ५००० व ६००० या मालिका. पहिलीचीं कार्डें २००९ च्या सप्टेंबरपासून बाजारांत आलीं. तिच्यांतलें ५४५० हें स्वस्त कार्ड २०१० च्या फेब्रुवारींत निघालें. पुढें २९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० आली, आणि त्याच सुमारास या कार्डांसाठीं ‘कॅटलिस्ट १५.७.१’ हा प्रमाणित ड्रायव्हर मिळाला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत कंपनीनें या कार्डांकडे नियमित लक्ष देणें थांबविलें, आणि २०१६ च्या आरंभीं निरोपादाखल ‘क्रिमसन १६.२.१ बीटा’ दिला. तो उमेदवार पुढें कायम झालाच नाहीं. उमेदवारींतच त्याची सेवा संपली. एन्व्हिडिया कंपनीनेंहि आपल्या फर्मी पिढीच्या कार्डांस नवे ड्रायव्हर देणें २०१८ च्या एप्रिलांत बंद केलें आणि सुरक्षेची डागडुजी २०१९ च्या जानेवारीपर्यंतच चालविली. या कंपनीचें मोठें कार्यालय नगरपासून सुमारें १२० किलोमीटरांवर पुण्यास आहे. पण कार्डाचें वय झालें म्हणजे गांव जवळ असून उपयोग नाहीं.

तेव्हां पहिला नियम असा कीं, नांवांत नवेपणा दिसतो म्हणून बीटा घेऊं नये. प्रमाणित आवृत्ति मिळत असेल तर प्रथम तीच बसवावी, आणि तिनें काम भागलें तर तेथेंच थांबावें. ती बसूनहि पडदा वारंवार काळा पडत असेल किंवा हवी ती सोय मिळत नसेल, तरच बीटाचा प्रयोग करावा. आणि तोहि परतीची वाट राखून.

प्रयोगाची तयारी कार्डाच्या ओळखीपासून करावी. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’खालीं पाहावें. तेथें नांव न दिसल्यास त्या ओळीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें ‘हार्डवेअर आयडीज’ हा तपशील असतो. त्यांतील कंपनीचा आंकडा १००२ असल्यास कार्ड ए.एम.डी.चें, १०डीई असल्यास एन्व्हिडियाचें, आणि ८०८६ असल्यास इंटेलचें समजावें. विंडोज ३२ बिटांची आहे कीं ६४ बिटांची, हेंहि टिपून ठेवावें; एकीचा ड्रायव्हर दुसरीस चालत नाहीं. ड्रायव्हर घ्यावयाचा तो कार्ड करणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून. ‘एका कळींत सर्व ड्रायव्हर’ अशी जाहिरात करणाऱ्यांच्या दारीं जाऊं नये.

नंतर घरांतील छायाचित्रें, दाखले, हिशेब यांची प्रत निराळ्या डिस्कवर काढावी. जुन्या यंत्राची किंमत बाजारांत कांहींच नसेल. पण त्यांतील मुंजीचीं-लग्नांचीं छायाचित्रें पुन्हां मिळावयाचीं नाहींत. ‘सिस्टिम रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, प्रमाणित ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जवळ असूं द्यावा, आणि वीज जाण्याची वेळ टाळावी. वीज काढून, पेटी उघडून कार्डावरील पंख्याची धूळहि हलक्या कुंचल्यानें झाडावी. आपल्याकडे ड्रायव्हरच्या माथीं मारले जाणारे कित्येक दोष या धुळीचे व तिच्यामुळें वाढणाऱ्या उष्णतेचे असतात.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम इंटरनेटची जोडणी काढावी. नाहीं तर जुना ड्रायव्हर काढतांच विंडोज आपल्या पसंतीचा दुसरा आणून बसविते आणि दोघांचा घोळ होतो. जुना ड्रायव्हर कंट्रोल पॅनेलमधून काढावा. त्याचे अवशेष राहिल्याची शंका असेल तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हें साधन सेफ मोडमध्यें चालवावें. मग नवा ड्रायव्हर बसवावा. मध्यंतरीं पडदा कांहीं क्षण काळा होतो, त्यानें घाबरून बटण दाबूं नये. बसविणें संपल्यावर यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें.

पडदा काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या; त्यानें ड्रायव्हर नव्यानें जागा होतो. तरीहि न जमल्यास, विंडोज १० सुरू होत असतांनाच बटण दाबून धरून दोन-तीनदां बंद करावी, म्हणजे पुढच्या खेपेस दुरुस्तीचा पडदा येतो. तेथून सेफ मोडमध्यें शिरून बीटा काढावा आणि पेनड्राइव्हवरचा प्रमाणित ड्रायव्हर बसवावा. ड्रायव्हरवर योग्य सही नाहीं म्हणून विंडोजनें तो नाकारला, तर सहीची तपासणीच बंद करण्याचा सल्ला कोणी देईल; तो मानूं नये. ड्रायव्हर हा यंत्राच्या अगदीं माजघरांत वावरणारा गडी आहे. त्याला ओळख न विचारतां आंत घेणें धोक्याचें.

ड्रायव्हर नीट बसला म्हणजे रचना करावी. पडद्याची मूळ मापें, उदाहरणार्थ १९२० × १०८०, तींच निवडावीं. वडील मंडळींस अक्षरें मोठीं हवीं असल्यास मापें न बदलतां ‘स्केल’ १२५ टक्के करावें. अक्षरें मोठीं होऊनहि रेखीव राहतात. रेडिऑन कार्ड एच.डी.एम.आय. तारेनें जोडल्यास चित्राभोंवतीं काळी चौकट राहण्याचा दोष पुष्कळदां दिसतो. तो पडद्याचा नव्हे. कॅटलिस्ट असल्यास त्याच्या कंट्रोल सेंटरमध्यें ‘स्केलिंग ऑप्शन्स’ येथील पट्टी शून्यावर आणली कीं चौकट जाते.

इतकें करूनहि कांहीं गोष्टी साधत नाहींत, आणि त्या कां साधत नाहींत हें घरांतील सर्वांनीं समजून घ्यावें. या जुन्या कार्डांना एच.२६४ पद्धतीचें चलच्चित्र उलगडतां येतें. आज यूट्यूब पुष्कळदां देतें तें व्ही.पी. ९ पद्धतीचें चित्र उलगडण्याची सोय त्यांच्यांत नाहीं. तो भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळतें. ड्रायव्हर दुभाषी आहे. कार्डाला जी विद्या येतच नाहीं ती तो शिकवूं शकत नाहीं. येथें चित्राची प्रत ४८० वर आणणें हाच उपाय.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आणि विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० व बराच नवा प्रोसेसर लागतो, म्हणून हीं यंत्रें तिकडे रीतसर जाऊं शकत नाहींत. कार्यप्रणाली जुनी आणि ड्रायव्हर न सुधारणारा, अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा निवृत्तिवेतनाचीं कामें करूं नयेत. दादांच्या आयुष्याची ठेव हा प्रयोगाचा विषय नव्हे.

यावर एक चांगला मार्ग आहे, तो लिनक्सचा. ए.एम.डी.नें २००७ पासून आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास आरंभ केला. तिच्या आधारें लिहिलेला ‘रेडिऑन’ ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांतच असून या जुन्या मालिका त्यांत सामावलेल्या आहेत. निराळा बीटा शोधावा लागत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत नेवासें येथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वर महाराजांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला. पुढें नकला होतां होतां ग्रंथांत अपपाठ शिरले, ते काढून शके १५०६ मध्यें पैठणच्या एकनाथ महाराजांनीं शुद्ध प्रत सिद्ध केली. थोर कार्याची बरोबरी क्षुद्र यंत्राशीं करावयाची नाहीं. परंतु मूळ कर्त्याच्या पश्चात् कोणी निष्ठेनें पाठ सांभाळला तर जुनें टिकतें, ही रीत आपल्या ओळखीची आहे. लिनक्सचे अनेक प्रकार पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतात. यंत्रांतील कशालाहि हात न लावतां चित्र, आवाज व मराठी टंकलेखन आधीं पारखून घ्यावें, पटलें तरच बसवावें.

एवढ्यानेंहि काम न भागल्यास यंत्राला खुशाल रजा द्यावी. भंगारवाल्याकडे मात्र तें तसेंच देऊं नये. आंतील डिस्क आधीं काढून घरीं ठेवावी, आणि उरलेलें यंत्र ई-कचरा रीतसर घेणाऱ्याच्या हवालीं करावें.