नियोजनाचा आरंभ घराच्या उंबरठ्यापासून

आरोग्यव्यवस्थेच्या कागदोपत्री तक्त्यात वर्धा जिल्हा भाग्यवान दिसतो. 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 13 लाख लोकसंख्येचा हा लहानसा जिल्हा. त्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये, त्यांना जोडलेली मोठी रुग्णालये, शिवाय वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय. विदर्भातील कित्येक जिल्ह्यांनी हेवा करावा, अशी ही संपदा आहे. लोकसंख्येने डॉक्टरांच्या आणि खाटांच्या संख्येला भाग दिला की जी सरासरी निघते, ती पाहून मंत्रालयातील अधिकाऱ्याचे समाधान झाले, तर त्यात नवल नाही.

परंतु ही सारी संपदा वर्धा शहराच्या परिघात एकवटलेली आहे. उत्तरेकडील आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांतील डोंगराळ पट्ट्यात राहणाऱ्या शेतमजुराच्या पत्नीला अवघड बाळंतपणासाठी सेवाग्राम गाठायचे, तर तिच्यापुढचा प्रश्न खाटांचा नसून रस्त्याचा, वाहनाचा आणि बुडणाऱ्या मजुरीचा असतो. पुलगाव-आर्वी ही अरुंदमापी आगगाडी बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली. आर्वीला आणि हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालये आहेत हे खरे. पण इमारत उभी असणे आणि तज्ज्ञ डॉक्टर रात्री तेथे हजर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रामीण भागात कोणालाही सांगावे लागत नाही.

प्रादेशिक असमतोलाची चर्चा महाराष्ट्राला नवी नाही. 1984 साली दांडेकर समितीने राज्याची सरासरी हा मापदंड धरून जिल्हावार अनुशेष काढला. राज्यघटनेच्या 371 (2) कलमान्वये 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. या साऱ्या खटाटोपात विदर्भावरील अन्यायाला वाचा फुटली, हे मान्यच केले पाहिजे. मात्र अनुशेष मोजण्याची रीत जिल्ह्याच्या सीमेपाशी येऊन थांबली. जिल्ह्याच्या पोटात कोणता तालुका, तालुक्यात कोणते गाव आणि गावात कोणती वस्ती मागे राहिली, हे त्या हिशेबात दिसण्याची सोयच नव्हती. सरासरी नेहमी शेवटच्या माणसाला झाकते. अंत्योदयाची भाषा करणाऱ्यांनी तरी सरासरीच्या आकड्यावर विसंबू नये.

विशेष म्हणजे याहून चांगली रीत वर्ध्यातच जन्माला आलेली आहे. 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेला आरंभ केला. परचुरेशास्त्रींसारख्या संस्कृत पंडिताला कुष्ठरोग झाल्यावर सेवाग्रामच्या आश्रमात आश्रय मिळाला आणि खुद्द गांधीजी त्यांची शुश्रूषा करीत. त्या काळी समाजाने कुष्ठरुग्णाला जिवंतपणी मृत ठरविलेले होते. सेवेची ही परंपरा थोर होतीच, पण सेवेतून नियोजन कसे उभे राहते, ते 1951 मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने दाखवून दिले. रुग्ण दवाखान्याच्या दारात येण्याची वाट न पाहता एक ठरावीक प्रदेश निवडायचा, त्यातील प्रत्येक घरी जायचे, प्रत्येक व्यक्तीची तपासणी करायची, गावाला रोगाविषयी समजावून सांगायचे आणि रुग्णावर त्याच्या घरात, त्याच्या माणसांत ठेवूनच उपचार करायचे. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी ही त्रिसूत्री. पुढे 1955 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने तीच स्वीकारली. बहुविध औषधोपचार आला तेव्हाही देशातील आरंभीच्या जिल्ह्यांत वर्धा होता. डिसेंबर 2005 मध्ये राष्ट्रीय स्तरावर या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली गेले.

या त्रिसूत्रीतील मधला शब्द सर्वांत मोलाचा आहे. औषध सरकारही वाटू शकते. गावाच्या मनातील किळस आणि भय काढणे हे औषधाचे काम नव्हे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांत 2019 पर्यंत नोंदलेले होते, एवढ्यावरून ते भय किती खोल होते याची कल्पना यावी. रोग बरा होऊ लागल्यावर कायदा बदलायला काही दशके जावी लागली!

दुसरे उदाहरण सेवाग्रामच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये ते सुरू झाले. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे आणि विद्यार्थ्याने गावातील कुटुंबांशी नाते जोडावे, ही तेथील पद्धत. त्याच संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची जी योजना राबविली, तिचा उल्लेख आजच्या विमा योजनांच्या गदारोळात क्वचितच होतो. हप्ता ज्वारीच्या रूपात, सुगीच्या वेळी. ज्याची जमीन अधिक, त्याचा वाटा अधिक. भूमिहीनाचा अगदी थोडा. लाभ मात्र सर्वांना सारखा. गावातील बहुसंख्य कुटुंबे, विशेषतः गरीब कुटुंबे, सामील झाल्याशिवाय त्या गावात योजना सुरूच होत नसे. अकस्मात येणाऱ्या आजाराला रुग्णालयात विनामूल्य उपचार आणि आधी कल्पना असलेल्या दुखण्याला काही अंश रुग्णाने भरायचा, असा साधा नियम.

वरवर पाहता ही एका लहान प्रयोगाची कथा आहे. पण तिच्यात सामाजिक विषमतेवरचा उपाय दडलेला आहे. पाटलाच्या वाड्यातील ज्वारी आणि मजुराच्या झोपडीतील ज्वारी एकाच कणगीत पडते, तेव्हा गाव म्हणजे काय, हे भाषणाविना कळते. ज्या वर्ध्यात 1928 साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिराचे दरवाजे तथाकथित अस्पृश्य बांधवांसाठी उघडले, त्या भूमीला हे साजेसेच होते. मदत घेणारा आणि देणारा अशी विभागणी झाली की समरसता उरत नाही. येथे प्रत्येक जण काही ना काही देणारा होता.

यापुढील काळात शासनाने काय केले? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भ हादरल्यावर 1 जुलै 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात वर्धा होता. सिंचन आणि कर्ज यांवर भर होता. तो अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु घरातील एका मोठ्या आजारपणाने किंवा शस्त्रक्रियेने कुटुंब सावकाराच्या दारात उभे राहते, हे वऱ्हाडात आणि वर्ध्यात सर्वांना ठाऊक असलेले सत्य त्या आराखड्याच्या केंद्रस्थानी आले नाही. विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू व्हायला 2015 उजाडले.

आज ज्या प्रश्नावर वर्ध्याच्या जुन्या रीतीची कसोटी लागणार आहे, तो सिकलसेलचा. विदर्भातील अनुसूचित जमाती आणि अनुसूचित जातींच्या समाजात हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आधीच वंचित असलेल्यांना तो आणखी मागे ढकलतो. मूल वारंवार आजारी पडते, शाळा सुटते, आई-वडिलांची मजुरी बुडते. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान आरंभले आणि 2047 हे लक्ष्य ठरविले. मोठ्या प्रमाणावर तपासण्या होत आहेत, कार्डे वाटली जात आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण सर्वेक्षण झाले आणि शिक्षण राहिले, तर काय होते? ‘वाहक’ असा शिक्का बसलेल्या मुलीचे लग्न मोडते. वाहक हा रोगी नव्हे, जोडीदारही वाहक किंवा रुग्ण असला तरच अपत्यास रोगाचा धोका संभवतो, एवढी गोष्ट घराघरांत, तिथल्या बोलीत आणि शांतपणे समजावून सांगणारा माणूस हवा. कुष्ठरोगाच्या बाबतीत हे काम झाले म्हणून यश आले. केवळ कार्ड वाटण्याने नवी अस्पृश्यता जन्माला येण्याचा धोका आहे. शिवाय निदान झालेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया दरमहा नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाले नाही आणि त्यासाठी दिवसाची मजुरी सोडून वर्ध्याला यावे लागले, तर दोन-तीन महिन्यांत ते औषध बंद पडणार, हे ठरलेलेच.

राज्यघटनेच्या 243 झेडडी कलमाने जिल्हा नियोजन समितीवर ग्रामपंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा सिद्ध करण्याची जबाबदारी सोपविली आहे. महाराष्ट्रात 2015 पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतींचे आराखडेही होतात. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीत चर्चा रंगते ती कोणाच्या मतदारसंघात कोणता रस्ता आणि कोणती इमारत, यावर. सभामंडपाचे आणि सिमेंटरस्त्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र निघते. आशा कार्यकर्तीने उन्हातान्हात केलेल्या गृहभेटीचे उद्घाटन कोण करणार?

वर्धा जिल्ह्याने आपला वार्षिक आराखडा एकदा तरी उलट्या क्रमाने करून पाहावा. आशा, अंगणवाडीसेविका आणि आरोग्यसेविका यांच्या नोंदवह्यांतून वस्तीनिहाय माहिती गोळा करावी. कोणत्या वस्तीत सिकलसेलचे रुग्ण आहेत, कोठे गरोदर मातांना रक्ताल्पता आहे, कोठे पिण्याचे पाणी क्षारयुक्त आहे, कोणत्या गावाला सायंकाळनंतर एसटी नाही, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि मग पैशांची वाटणी व्हावी. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापल्या दत्तक गावांचे वर्तुळ वर्धा-सेलूच्या पलीकडे, कारंजा आणि आष्टीपर्यंत न्यावे. सामाजिक संस्थांच्या कार्यकर्त्यांनाही यात काम आहे. आरोग्य शिबिर भरवून फलक लावण्यापेक्षा एका वस्तीतील वीस कुटुंबांची वर्षभर विचारपूस करणे अवघड असते. मनोहरजींच्या काळी गावोगावी फिरणारे तेच करीत होते. आरंभ आष्टी तालुक्यापासून झाला, तर अधिक बरे. कारण सरासरीच्या हिशेबात तेथील माणूस सर्वांत सहज हरवतो.