दाद पुरेशी नाही

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेला जी मुले संगीत हा विषय घेतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना ‘किलर क्वीन’ हे गाणे सुरावट, ठेका, वाद्यमेळ अशा अंगांनी अभ्यासावे लागते. एका परीक्षा मंडळाने ते नेमले आहे. दुसऱ्याने बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’मधली गाणी नेमली होती. ‘किलर क्वीन’ हे क्वीन या बँडचे, १९७४चे. ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमधल्या पारशी घरात जन्मलेला फारुख बुलसारा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये झाले आणि ‘द हेक्टिक्स’ हा आयुष्यातला पहिला बँड त्याने तिथल्याच मुलांबरोबर उभा केला. ज्या संगीतावरून एकेकाळी घरोघरी वाद झाले, त्याला आता पेपरात गुण आहेत.

अभ्यासक्रमात गेलेल्या गोष्टीपासून मुले सहसा लांब पळतात. इथे तसे झालेले नाही. जून २०२२मध्ये केट बुशचे १९८५चे ‘रनिंग अप दॅट हिल’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तब्बल ३७ वर्षांनी. एका मालिकेत ते वाजले आणि १९८५ साली ज्यांचे आईवडील स्वतःच शाळेत होते अशा मुलांनी ते उचलून धरले. पुढच्या वर्षी बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ही तिथे पोहोचले, त्याआधी त्यांना पहिला क्रमांक मिळाला होता तो १९६९मध्ये. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ने अमेरिकेच्या पहिल्या दोनशे अल्बमांच्या यादीत ९००हून अधिक आठवडे काढले आहेत. एवढे आठवडे केवळ सत्तरीतल्या चाहत्यांच्या जोरावर भरत नाहीत.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने आजोबांच्या वयाच्या माणसांचे रॉक जीव लावून ऐकावे, याकडे घरातली मोठी माणसे दोन तऱ्हांनी पाहतात. काहींना त्याचे कौतुक वाटते: पोराला जाण आहे, नाहीतर आजकालच्या गाण्यांत काय राम उरलाय! काहींना शंका येते: जो काळ यांनी पाहिलाच नाही त्याबद्दल हा उसना हळवेपणा कशाला, आणि आपल्या पिढीचे संगीत यांनी ऐकायचे नाही तर कोणी? या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत.

आधी संगीताच्या बाजूने बोलू. ज्याला आपण जुन्या लोकांचे संगीत म्हणतो ते बहुतांशी कोवळ्या मुलांनी केलेले आहे. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या एका चर्चच्या जत्रेत जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी भेटले तेव्हा एक सोळाचा होता, दुसरा पंधराचा. १९६०मध्ये जॉर्ज हॅरिसनला हॅम्बुर्गमधून मायदेशी पाठवून देण्यात आले, कारण रात्रीच्या क्लबात काम करण्याइतके त्याचे वय नव्हते. तो सतरा वर्षांचा होता. स्टीव्ह विनवूडचा सतराव्या वर्षीचा आवाज ‘कीप ऑन रनिंग’मध्ये आहे. केट बुश एकोणिसाव्या वर्षी पहिल्या क्रमांकावर होती. टेपवर उतरलेल्या आवाजाला वय चढत नाही. गाणारे आज ऐंशीच्या घरात असतील, ऐकणाऱ्याच्या कानात मात्र त्याच्याच वयाचे कोणीतरी बोलत असते. या ओढीला उसनी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय ते घडले कसे, हे समजून घेण्यातही मोठे शिक्षण आहे. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. शेवटचे गाणे सर्दीने घसा धरलेल्या लेननने उरल्यासुरल्या आवाजात म्हटले आणि ते त्या अल्बमचे सर्वांत जिवंत गाणे ठरले. चारच वर्षांत त्याच स्टुडिओत, चार ट्रॅकच्या टेपयंत्रांवर, याच मुलांनी ‘सार्जंट पेपर’साठी जवळपास पाच महिने घालवले. आज खिशातल्या फोनवर त्याहून कितीतरी अधिक ट्रॅक मिळतात. साधने तुटपुंजी असताना चौघांनी आणि जॉर्ज मार्टिन या निर्मात्याने काय काय शोधले, हे ज्या मुलाला कळते तो आपल्या फोनकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतो. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’त नाण्यांचे आणि गल्ल्याचे आवाज टेपचे तुकडे कापून, जोडून बसवलेले आहेत आणि त्याची चाल सात मात्रांची आहे, रूपकाची सवय असलेल्या मराठी कानाला त्या मोजायला वेळ लागत नाही. ते गाणे ज्यात आहे तो ‘द डार्क साइड ऑफ द मून’ त्रेचाळीस मिनिटे सलग, मध्ये न थांबता ऐकणारी सोळा वर्षांची मुलगी आजच्या घाईत एक दुर्मीळ गोष्ट कमावते आहे.

आणि हे संगीत आपल्याला वाटते तितके परके नाही. बीटल्सच्या १९६६च्या ‘लव्ह यू टू’वर तबला वाजवणारे अनिल भागवत होते, त्यांचे नाव ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर छापले गेले. हॅरिसनने जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले, त्यात शिवकुमार शर्मा होते. १९७२मध्ये लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईतल्याच वादकांबरोबर आपली दोन गाणी नव्याने बांधून पाहिली. ती बाहेर यायला २०१५ उजाडले. लंडनमध्ये वाढणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला या दुव्यांची माहिती असतेच असे नाही, आणि ती त्याला कोणीतरी सांगायला हवी.

आता दुसरी बाजू. ‘तेव्हाचे सगळेच चांगले होते’ हा समज तपासायला १९६७ हे वर्ष पुरेसे आहे. त्या वर्षी बीटल्सचे ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ ही दोन गाणी एकाच तबकडीवर आली, आणि ब्रिटनमध्ये ती दुसऱ्या क्रमांकावर अडली. पहिल्या क्रमांकावर होते एन्गलबर्ट हम्परडिंक या मद्रासमध्ये जन्मलेल्या गायकाचे ‘रिलीज मी’ हे सरळसोट गाणे, आणि वर्षभरात सर्वाधिक खपलेली तबकडीही तीच. आपल्या हाती आलेला तो काळ चाळून आलेला आहे. त्यातला कोंडा साठ वर्षांत उडून गेला. आजच्या संगीतातला अजून उडायचा आहे. म्हणून निवडक जुने आणि सरसकट नवे यांची तुलना करून नव्याला हलके ठरवणे हा सदोष न्याय आहे. तो मुले स्वतःहून क्वचितच करतात, मोठ्यांकडून शिकतात.

या कौतुकाचा एक त्रास मुलींना अधिक होतो. लेड झेपेलिनचा टी-शर्ट घातलेल्या मुलाला कोणी काही विचारत नाही. मुलीने घातला तर ‘पाच गाणी सांग बघू’ अशी परीक्षा सुरू होते. आवड ही प्रतिष्ठेची खूण झाली की तिच्या दारावर पहारेकरी बसतात. मग तीच मुलगी वर्गातल्या कोरियन पॉप ऐकणाऱ्या मैत्रिणीला नाक मुरडायला शिकते. बीटल्सच्या पहिल्या, बेभान चाहत्या याच वयाच्या मुली होत्या आणि त्या काळच्या प्रतिष्ठित समीक्षकांनी त्यांनाही असेच हिणवले होते, हे तिला कोणी सांगत नाही.

याहून गंभीर प्रश्न या संगीताच्या नैतिक हिशेबाचा आहे, आणि त्याकडे डोळेझाक करू नये. ब्रिटिश रॉकचे भांडवल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांकडून आलेले आहे. रोलिंग स्टोन्सने आपले नावच मडी वॉटर्सच्या १९५०च्या गाण्यावरून घेतले. त्यांनी ते ऋण मोकळेपणाने मान्य केले, आपल्या गुरूंना लोकांसमोर आणले. सगळ्यांनी तसे केले नाही. लेड झेपेलिनच्या ‘होल लोटा लव्ह’मध्ये आपले गाणे आहे म्हणून विली डिक्सन या ब्लूज गीतकाराला १९८५मध्ये दावा लावावा लागला, तेव्हा कुठे तडजोड होऊन त्याचे नाव श्रेयात आले. १९७६मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध आणि स्थलांतरविरोधी राजकारणी इनॉक पॉवेलच्या बाजूने भाषण केले. ब्लूजवर उभा राहिलेला माणूस हे बोलतो, याचा धक्का इतका होता की त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ जन्मली. स्टोन्सने स्वतःचे गुलामगिरीच्या संदर्भातले ‘ब्राउन शुगर’ २०२१च्या दौऱ्यात वगळले. ब्रिटनमधल्या आपल्या मुलांच्या आजी-आजोबांनी पॉवेलच्या भाषणांचे पडसाद रस्त्यावर सोसले आहेत. म्हणून ऐकणे सोडावे असे मी म्हणणार नाही. क्लॅप्टनची गिटार सुंदरच आहे. पण त्या मुलाला दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात आणि दोन्ही एकत्र बाळगण्याची ताकद त्याच्यात यावी. सोळा वर्षांच्या माणसाला हे जमते. आपणच त्याला लहान समजून अर्धे सांगतो.

कंपन्यांनी हे प्रेम पेरले, असाही एक आक्षेप आहे आणि त्यात थोडे खरे आहे. २०२४मध्ये सोनीने पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सुमारे ४० कोटी डॉलरना घेतल्याच्या बातम्या आल्या. क्वीनच्या संगीतासाठी त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगितला गेला. एवढा पैसा घालणारा ती गाणी चित्रपटांतून, जाहिरातींतून, फोनच्या सुचवण्यांतून पुढे ढकलणारच. पण ढकललेले प्रत्येक गाणे मनात उतरत नाही, म्हणून या मुद्द्यावर अधिक थांबण्याची गरज नाही.

थांबायचे तर डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर. ऑक्टोबर १९६१मध्ये तिथे पुढे रोलिंग स्टोन्समध्ये एकत्र आलेले कीथ रिचर्ड्स आणि मिक जॅगर भेटले. जॅगरच्या हातात चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. दोघेही सतरा-अठरा वर्षांचे, आणि मडी वॉटर्स तेव्हा पन्नाशीला टेकलेला, समुद्रापलीकडचा माणूस. म्हणजे आज ज्यांना आपण मूळ मानतो तीही मागे पाहणारी, दुसऱ्या देशातल्या वडीलधाऱ्यांच्या गाण्यांवर जीव टाकणारी मुले होती. रिचर्ड्स सिडकपच्या, लेनन लिव्हरपूलच्या, पीट टाउनशेंड आणि पुढे मर्क्युरी ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकले. त्यांना मोकळीकही मिळाली: सक्तीची लष्करी भरती १९६०मध्ये थांबली होती, आणि साध्या घरातल्या मुलांनाही शिक्षणासाठी सरकारी अनुदान मिळण्याची सोय होती. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न या तळघरात बीटल्स जवळपास तीनशे वेळा वाजले, हॅम्बुर्गमध्ये रात्र-रात्र. इतक्या वेळा दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता त्यांची स्वतःची सापडली.

आजच्या मुलात आणि त्यांच्यात मला दिसणारा खरा फरक हाच आहे. ऐकण्याची सोय आज अमर्याद आहे. चार लोकांसमोर वाईट वाजवण्याची सोय आटते आहे. ब्रिटनमधल्या छोट्या संगीतस्थळांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात अशी १२५ ठिकाणे गेली.

मुंबईनेही हा अनुभव घेतला आहे. डीप पर्पल आणि लेड झेपेलिनवर वाढलेल्या मुलांसाठी १९८६मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावच्या रंगभवनात अनेक वर्षे कॉलेजांचे बँड आधी इंग्रजी बँडांची गाणी वाजवत, आणि त्यांतलेच काही पुढे आपली. महेश तिनईकर ज्यात गिटार वाजवत तो ‘रॉक मशीन’ याच वातावरणातला. १९८८मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३मध्ये ते ‘इंडस क्रीड’ झाले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. शेजारच्या इस्पितळातल्या रुग्णांना शांतता हवी, हे मान्यच आहे. मात्र त्या बदल्यात तेवढी स्वस्त, मध्यवर्ती, तरुणांची जागा शहराने उभी केली नाही, ही माझी तक्रार आहे.

२०२४च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने एक सूचना उचलून धरली: स्टेडियम आणि मोठ्या सभागृहांतल्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड छोट्या संगीतस्थळांसाठी बाजूला काढावा, तोही आयोजकांनी स्वेच्छेने. तो स्वेच्छेवर सोडू नये. शेकडो पौंडांचे तिकीट काढून जुन्या बँडांना ऐकायला येणाऱ्यांना हा पौंड जड होणार नाही, आणि ज्यांनी त्या गाण्यांचे हक्क विकत घेतले त्या कंपन्यांकडूनही असाच वाटा घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे तर एवढ्यानेही सुरुवात होईल: सुटीच्या दिवशी कुलूप असलेली शाळा-महाविद्यालयांची बंदिस्त सभागृहे महिन्यातून एक संध्याकाळ, विनाभाडे, मुलांच्या बँडसाठी उघडावीत. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवातीची धून पुण्या-मुंबईच्या गिटार क्लासांतून वर्षानुवर्षे शिकवली जाते. ती शिकलेल्या मुलांना ड्रम आणि अॅम्प्लिफायर लावून, शेजाऱ्यांच्या तक्रारीविना, एकत्र वाजवता येईल अशी जागा देणे महापालिकेच्या आणि संस्थाचालकांच्या हातात आहे.