कॅमेऱ्याची साक्ष कोणासाठी?

कापूस फुटला, की यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी सीतादहीची तयारी होते आणि मग रोज सकाळी बाया ओट्या बांधून वेचणीस निघतात. पांढरकवडा-राळेगाव भागात मात्र या कष्टास भीतीची जोड मिळाली आहे. २०१६ ते २०१८ या दोन वर्षांत तेथील तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ‘टी-१’ उर्फ अवनी या वाघिणीवर ठेवण्यात आला. तिला ठार मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीनजीक ती गोळीस बळी पडली.

त्या शोधमोहिमेत वनखात्याने जंगलात जागोजाग कॅमेरे लावले होते. झाडाला बांधलेली ही पेटी समोरून उष्ण देहाची हालचाल झाली, की आपोआप चित्र टिपते. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, म्हणून त्यावरून वाघाची ओळख पटते. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत अशा कॅमेऱ्यांनी तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक वन्यजीव-छायाचित्रे घेतली. त्यांत वाघांची ७६,६५१ होती. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवजवळच्या येडशी अभयारण्यात दिसलेला वाघ शेकडो किलोमीटर दूरच्या टिपेश्वरचा, हेही पट्ट्यांनीच सांगितले. या साधनाची थोरवी आम्ही निःशंकपणे मान्य करतो.

पण डोळा कितीही तीक्ष्ण असला, तरी तो कोठे रोखायचा हे माणूसच ठरवितो. वाघिणीची पावले ज्या दक्षतेने टिपली गेली, त्या दक्षतेने तिच्या अखेरच्या क्षणाची नोंद लोकांपुढे आली काय? भुलीचा बाण आधी मारला होता की नव्हता, यावर वाद माजला. पशुवैद्य त्या वेळी घटनास्थळी नव्हता, असे चौकशीत पुढे आले. जे एका चित्रफितीने निर्विवाद ठरले असते, ते जबान्या आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांतून शोधावे लागले. शासनाच्या हाती जेथे शस्त्र असते, तेथे कॅमेरा अधिक अगत्याचा असतो. कारण तो प्रामाणिक अधिकाऱ्याचेही रक्षण करतो.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. कॅमेऱ्याने पाहिलेले वनखात्याच्या दप्तरात वेळेवर पोहोचते; पण रात्री जागलीस जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि सकाळी वेचणीस निघणाऱ्या मजूर बाईला ते कळते काय? ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्यालाच वार्ता शेवटी मिळावी, हा कोठला न्याय? याउलट, हौशी पर्यटकांच्या हातांतील कॅमेऱ्यांना वाट मोकळी होती. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला व तिच्या बछड्यांना गाड्यांनी घेरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

वाघाचा ठावठिकाणा उघड केला, तर शिकारी आणि बघे यांचेच फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. टिपेश्वरच्या वाघांच्या गळ्यात शिकाऱ्यांच्या तारेचे फास रुतलेले आपण पाहिले आहेत. परंतु गावाला सावध करण्यास छायाचित्र वाटावे लागत नाही. ‘आज नाल्याकाठच्या शिवारात एकट्याने जाऊ नका’ एवढा निरोप पोलीसपाटलाने वा कोतवालाने दिला, तरी पुरे. ताडोब्यालगत सीतारामपेठ येथे कॅमेऱ्यानेच वाघ ओळखून गावाला इशारा द्यावा, असा प्रयोग २०२३ साली सुरू झाला. चंद्रपूरला जे सुचले, ते यवतमाळला अशक्य का असावे?

आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. वन्यप्राण्याला पकडण्याच्या वा मारण्याच्या प्रत्येक मोहिमेचे आरंभापासून अखेरपर्यंत चित्रण व्हावे आणि ते चौकशीसाठी जपले जावे. तसेच कॅमेऱ्यात वाघ दिसला, की त्याच दिवशी लगतच्या गावांना निरोप जावा. चित्र जगाला दाखवू नका. वार्ता मात्र गावाला द्या. वाघ जगावा असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आधी मागितले पाहिजे. कारण भ्यालेल्या गावाच्या शेजारी कोणताही वाघ फार काळ सुरक्षित राहत नाही.